छपाईची पीडीएफ म्हणजे डिजिटल दिवाळी अंक नव्हे (कोकणातल्या छोट्या अंकांसाठी धागा)

सडा_आणि_समुद्र:

गणपती झाले की दिवाळी अंकांचा मजकूर जुळणीला जातो, त्यामुळे हा विषय आत्ताच काढतोय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या काही छोट्या अंकांची मांडणी मी करतो. कुणी निवृत्त मास्तर, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतून बाहेर पडलेला, अशांनी पदरमोड करून चालवलेले हे अंक. प्रती हजार, फार तर दीड हजार. हल्ली यातला प्रत्येक संपादक मला एकच सांगतो : "छापखान्यात पाठवतोस ती फाइल आहेच, तिचीच पीडीएफ ठेव, डिजिटल अंक म्हणून शंभर रुपयांना विकू."

याला माझा विरोध आहे, आणि तो का ते नीट मांडायचं आहे.

डिजिटल अंक कोण घेतो ते आधी बघा. ज्याच्या घरापर्यंत छापील अंक पोचत नाही तो. लोकलमध्ये उभा असलेला चाकरमानी, पुण्याच्या हॉस्टेलवरची मुलगी, दुबई-कुवेतला गेलेला आपल्याच खाडीकाठचा माणूस. यांच्या हातात असतो सहा इंचांचा पडदा. त्यावर आपलं मोठ्या आकाराचं, दोन रकान्यांचं पान उघडलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. दोन बोटांनी ती मोठी करायची, पहिला रकाना खालपर्यंत सरकवत न्यायचा, मग पुन्हा वर येऊन उजवीकडचा रकाना शोधायचा. तेवढ्यात बोट घसरतं आणि पुढचं पान येतं. कथा कितीही चांगली असली तरी असं कुणी चार पानं वाचत नाही. शिवाय छपाईसाठीचे फोटो तसेच ठेवले तर फाइल शंभर एमबीच्या पुढे जाते. सड्याखालच्या (कातळपठाराखालच्या) वाडीत, जिथे फोन करायलाही वर चढून यावं लागतं, तिथे ती उतरणार कशी?

आणि एवढं करून वाचकाने शंभर रुपये दिले, तर पुढच्या वर्षी तो परत येणार नाही. अंकाचं खरं नुकसान तिथे आहे.

माझं म्हणणं असं की डिजिटलमध्ये 'पान' हा घटकच सोडून द्यावा आणि 'लेख' हा घटक धरावा. प्रत्येक लेख युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर मराठी मराठीच राहील अशा अक्षरपद्धतीत), एका रकान्यात, पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बसणारा. प्रत्येकाचा दुवा वेगळा. सुरुवातीचे दोन-तीन परिच्छेद सगळ्यांना खुले, पुढचं वाचायला अख्खा अंक एकदाच विकत घ्यायचा. ज्यांना घरी जपून ठेवायला फाइल हवी त्यांच्यासाठी त्याच मजकुराचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल. पीडीएफ द्यायचीच तर सोबत द्या, तिलाच अंक म्हणू नका.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः किंमत आणि विक्री याबद्दल.

कुळीथ:

पूर्ण सहमत. पण आमचे संपादक म्हणतात की मांडणी हा अंकाचा आत्मा आहे. चित्रकाराने एवढं काम केलेलं असतं, ते एका रकान्यात टाकून सपाट करायचं का?

सडा_आणि_समुद्र:

@कुळीथ, संपादकांची काळजी रास्त आहे. चित्र टाकायचं नाही, उलट पूर्ण रुंदीला लावायचं. छापील अंकात खर्चामुळे जे रेखाटन काळ्या-पांढऱ्यात, कोपऱ्यात छापावं लागतं, ते इथे रंगीत आणि ठळक देता येतं. फक्त हजार-बाराशे पिक्सेल रुंदीला आणून हलकं करून लावा. कवितेची मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. लांब ओळ अरुंद पडद्यावर भलत्याच ठिकाणी मोडते, म्हणून मोडलेला तुकडा आत सरकवून दाखवायचा, म्हणजे ती नवी ओळ नाही हे वाचकाला कळतं.

मोठमोठ्या प्रकाशकांनीही आधी पानच जपायचा प्रयत्न केला होता. २०१० साली आयपॅड आला तेव्हा 'वायर्ड' या अमेरिकन मासिकाने खास त्याच्यासाठी आवृत्ती काढली. चलतचित्रं, फिरवता येणारी छायाचित्रं, सगळी हौस पुरवलेली. पहिला अंकच सुमारे ५०० एमबीचा. नवलाईमुळे पहिल्या अंकाच्या लाखभर प्रती खपल्या आणि वर्षअखेरीपर्यंत विक्री २३ हजारांच्या आसपास उतरली. एवढा पैसा, एवढे तंत्रज्ञ हाताशी असताना हे झालं. वाचकाला जादू नको असते, सुखाने वाचता यावं एवढंच हवं असतं.

अक्षरजुळारी:

जुळणीच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यात अवघड काम 'युनिकोडमध्ये' या एका शब्दात लपलेलं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या अंकांची जुळणी अजून श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या जुन्या फाँटांत होते. या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. त्या पीडीएफमधली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून बघा, भलताच कचरा उमटेल. म्हणून ती गूगलला सापडत नाही, फोनला वाचून दाखवता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला तर तो अंक म्हणजे कोरी पानंच.

रूपांतर करणारी साधनं आहेत, फुकटही आहेत. पण त्यांच्या भरवशावर अंक सोडू नका. मजकूर रूपांतरातून काढला की मी आधी तीन गोष्टी बघतो. पहिली, अर्धा र. 'खाऱ्या वाऱ्याचा' हे 'खार्या वार्याचा' होऊन येतं, आणि कोकणावरच्या लेखात अशी ठिकाणं पानोपानी असतात. दुसरी, रफार. जुन्या फाँटात तो अक्षरानंतर टंकलेला असतो, रूपांतरात शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. तिसरी, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच घुसलेली. ही तिन्ही शोधून बदलता येतात, पण शेवटी एकदा माणसाने डोळ्यांखालून घालणं आलंच. छापील अंकाचं मुद्रितशोधन झालंय म्हणून डिजिटलचं करायला नको, असं बिलकूल नाही.

आणि फाँट. फोनमध्ये असतो तो देवनागरी फाँट बहुधा हिंदी वळणाचा असतो. श आणि ल आपल्या वळणाचे दिसत नाहीत, आणि म्हाताऱ्या वाचकाला काहीतरी खटकत राहतं, पण काय ते सांगता येत नाही. तिरो देवनागरी मराठी हा फाँट फुकट मिळतो, मराठी वळणाचा आहे, लांब मजकुराला उत्तम. मथळ्यांना एक टाइपचा मुक्ता चालतो, तोही मुक्त परवान्याचा. वेबपानाची भाषा 'मराठी' अशी त्याच्या कोडमध्ये नोंदवायला विसरू नका. जे फाँट दोन्ही वळणं बाळगतात ते त्या नोंदीवरूनच मराठी रूप दाखवतात.

यंदापासून सरळ युनिकोडमध्येच जुळणी करा आणि त्यावरूनच छापील अंक लावा. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला की जोडाक्षरं नीट येतात. मजकूर एकदाच तयार होतो, दोन्हीकडे चालतो.

चाकरमानी_डोंबिवली:

मी या सगळ्यातला वाचक आहे, म्हणून लिहितोय. गाव राजापूर तालुक्यात. तिथला अंक मी दर वर्षी गावी गेलो की घेतो, नाही गेलो तर राहतो. डिजिटल मिळाला तर छापील अंकाइतकेही पैसे देईन, मला स्वस्त नकोय. मला तो दिवाळीच्या दिवसांत हवाय. देवदिवाळी उलटून गेल्यावर येतो त्याचा उपयोग नाही.

मागे एका मोठ्या विक्री-ॲपवर एका अंकाची वर्गणी घेतली होती. पैसे गेले, अंक दिसेना, तक्रारीला उत्तर यंत्राने दिलं. संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्ही घेतलात हे आम्हाला कळतच नाही, ते नाव-नंबर देत नाहीत." म्हणजे ज्याचा अंक आहे त्यालाच आपला वाचक ठाऊक नाही. हे मला फार लागलं.

सडा_आणि_समुद्र:

@चाकरमानी_डोंबिवली, विक्रीचा सगळा प्रश्न तुमच्या या अनुभवात आला. दुसऱ्याच्या आगरात आपले माड लावू नयेत.

थोडा इतिहास सांगतो. ॲपलने २०११ साली आयफोनवर मासिकांसाठी 'न्यूजस्टँड' काढलं, जगभरच्या प्रकाशकांनी त्याच्यासाठी खर्च करून आवृत्त्या केल्या, आणि २०१५ साली ॲपलने ते काढून टाकलं. ॲमेझॉन किंडलवर मासिकांची वर्गणी विकायचं, तेही २०२३ साली बंद केलं. दोन्ही वेळा ज्यांच्याकडे स्वतःची वाचकयादी होती ते तरले. मॅग्झ्टरसारख्या मासिकांच्या ॲपवर वाचक एकच वर्गणी भरतो आणि हजारो नियतकालिकं चाळतो. तिथे अंक ठेवण्यात वावगं काही नाही, नवा वाचक मिळू शकतो. पण अशा योजनांचं गणित समजून घ्या. २०१९ मध्ये अमेरिकेत ॲपल न्यूज प्लस आलं तेव्हा वर्गणीतला निम्मा-शिम्मा वाटा ॲपलचा, आणि उरलेला प्रकाशकांमध्ये कोण किती वेळ वाचलं गेलं त्या प्रमाणात, असं ठरलं होतं. वर्षातून एकदा निघणाऱ्या आपल्या अंकाला त्या वाटणीत काय येणार?

स्वतःचं ॲप काढायच्याही फंदात पडू नका. दर वर्षी फोनची प्रणाली बदलते, ॲप अद्ययावत करायला माणूस लागतो. ॲपमधून वर्गणी घेतली तर गूगल १५ टक्के ठेवतं, ॲपल १५ ते ३०. साधं संकेतस्थळ, यूपीआयने पैसे, आणि वाचकाच्या संमतीने त्याचा व्हॉट्सॲप नंबर आपल्या वहीत. एवढं पुरतं.

जाहिरातवाली:

वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय ठेवू का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. दिवाळी अंकासाठी नको. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले तेव्हा कार्डावरून आपोआप जाणाऱ्या कितीतरी वर्गण्या एकदम अडकल्या होत्या. आता यूपीआय ऑटोपे आहे, मासिकाला ते ठीक. वार्षिक अंकाला मात्र नवरात्रात एक साधा निरोप पाठवायचा : यंदाचा अंक तयार होतोय, विषय हा, लेखक हे, किंमत ही. माणूस ओळखीचा वाटला की लोक देतात.

आता जाहिरातींचं. छोटा अंक जाहिरातींवर चालतो हे सगळ्यांना माहीत आहे, वर्गणीत कागदाचा खर्चही निघत नाही. गावातला सराफ किंवा हापूसचा बागायतदार जाहिरात देतो ती बऱ्याचदा संपादकाच्या शब्दाखातर. डिजिटल अंकात तीच जाहिरात पीडीएफच्या पानासारखी चिकटवली तर कुणी बघत नाही. मी देवगडच्या एका बागायतदारांना वेगळं सुचवलं. आंब्यावरच्या लेखाखाली त्यांच्या नावाने दोन ओळी, फोटो, आणि थेट व्हॉट्सॲपवर नोंदणीचा दुवा. लेख दिवाळीतला, पण पेट्यांची विचारणा शिमग्याच्या आसपासही येत राहिली, कारण लेख संकेतस्थळावर होताच. छापील अंक तोवर रद्दीच्या वाटेला लागलेला असतो. म्हणून डिजिटल जाहिरातीचा दर वर्षभराचा लावा, आणि जाहिरातदाराला खरा आकडा दाखवा, कितीजणांनी लेख उघडला आणि कितीजणांनी दुवा दाबला. आकडा लहान असला तरी तो लपवू नका.

ग्रंथकपाट:

सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमच्याकडे दिवाळी अंक योजना चालते. ठरावीक शुल्क भरलं की सभासद आळीपाळीने सगळे अंक नेतात. नोव्हेंबर ते होळी आमचा काउंटर याच्यावरच गजबजलेला असतो. डिजिटल अंकाला हे दार बंद आहे. आम्ही विकत घेतला तर सभासदाला द्यायचा कसा? एकाने घेतला की दुसऱ्याला पाठवतो, आणि मग तुम्हीच म्हणता चोरी झाली.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. कोकणात वाचन वाढलं ते या संस्थांमुळे. अंक डिजिटल करताना वाचनालयांना वगळू नका अशी कळकळीची विनंती.

सडा_आणि_समुद्र:

@ग्रंथकपाट, ताई, हे माझ्या मनात आलंच नव्हतं असं नाही, पण तुमच्याइतकं स्पष्ट नव्हतं. वाचनालयासाठी वेगळा परवाना करता येईल : वाचनालयाने छापील अंकाच्या दुप्पट-तिप्पट रक्कम भरायची आणि तिथल्या टॅबवर किंवा वाचनालयाच्या वाय-फायवर अंक कुणालाही वाचता यावा. घरी न्यायचा तर छापील. मी मांडणी करतो त्या अंकांच्या संपादकांपुढे हे याच वर्षी ठेवतो.

ग्रंथकपाट:

चालेल. टॅब आम्ही देणगीतून मिळवू. आणखी एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २२ जुलै २०२१च्या पुराने चिपळुणात वाचन मंदिराची ग्रंथसंपदा भिजली, २००५च्या पुरातही भिजली होती. पुस्तक बहुतेक वेळा पुन्हा मिळतं. स्थानिक अंक मिळत नाही. त्याच्या हजार प्रती निघालेल्या, त्यातल्या जपलेल्या चार, आणि त्यातली एक आमच्याकडे. ती गेली की त्यातला गावऱ्हाटीवरचा (गावाच्या देवस्थानी रीतीभातींवरचा) लेख गेला, नमनाची गाणी गेली, जुन्या बोटींच्या सफरीच्या आठवणी गेल्या. नवे अंक विकायचे तेव्हा विका. जुने आधी वाचवा.

कुळीथ:

ताईंना +१. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या मंडणगडच्या घराचे पत्रे उडाले आणि वडिलांनी बांधून ठेवलेले अंक पाण्यात गेले. कुठे शोधायचे ते आजही कळत नाही.

जुने अंक स्कॅन करून फुकट खुले केले तर चालतील का? विकत घेणारा कमी होणार नाही?

सडा_आणि_समुद्र:

माझा अनुभव आणि मोठ्या अंकांचा दाखला, दोन्ही उलट सांगतात. 'साधना' साप्ताहिक साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलं, गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. साधनाने जुने अंक स्वतःच्या संकेतस्थळावर खुले केले आणि 'कर्तव्य' हे वेगळं डिजिटल व्यासपीठही काढलं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासूनचं, त्याचेही जुने अंक कुणालाही उघडता येतात. जुनं खुलं असलं की नाव लोकांच्या नजरेसमोर राहतं आणि त्या नावावर नवा अंक खपतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यानंतर बाहेरचे पत्रकार, विद्यार्थी शोधू लागले, की यावर आधी कुणी लिहिलंय का. स्थानिक अंकांतून असं पुष्कळ लिहिलं गेलंय. पण ते जुन्या फाँटात किंवा नुसत्या कागदावर आहे, म्हणून शोधणाऱ्याला दिसत नाही आणि श्रेय भलत्यालाच जातं. नुसतं स्कॅन करून भागणार नाही. स्कॅन ठेवाच, पण निवडक लेख तरी युनिकोडमध्ये टंकून घ्या. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतात.

वकिली_डायरी:

इथे कायदा आडवा येतो, म्हणून सावध करतो. लेखकाने पंचवीस वर्षांपूर्वी अंकाला लेख दिला, याचा अर्थ तो आज इंटरनेटवर टाकायचा हक्क संपादकाला मिळाला असा होत नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. शिवाय २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केलंय की हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते त्यात धरलं जात नाही, कराराने नेमकं तेच माध्यम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो.

घाबरू नका. आपल्याकडचे लेखक किंवा त्यांची मुलं मागितली तर परवानगी देतात, पण मागितली पाहिजे. आणि नव्या अंकासाठी लेख मागवतानाच पत्रात चार ओळी घाला : छापील अंक, संकेतस्थळ, ईपब आणि ध्वनिरूप यांसाठी, जगभर, अमुक वर्षांसाठी परवानगी, इतर सर्व हक्क लेखकाकडे, पुस्तकात घ्यायला लेखक मोकळा. चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्याकडूनही तेच पत्र घ्या. त्यांना नेहमी विसरतात.

चाकरमानी_डोंबिवली:

आणि मानधन? डिजिटलचे पैसे वेगळे आले तर लेखकाला काही मिळतं का?

वकिली_डायरी:

मिळायला हवं. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पत्रात लिहिलेली असावी.

घावणे:

वाचून बरा वाटला. माझो झील मुंबयक असता, तो सगळा मोबायलार वाचता. माका कागदच होयो, डोळे दुखतत. पण कोणी वाचून दाखवल्यान तर आयकान.

सडा_आणि_समुद्र:

@घावणे, काका, तुमच्यासारख्यांसाठीच ध्वनिरूपाचा विचार चाललाय. 'द इकॉनॉमिस्ट' २००७ पासून आपला अख्खा अंक वाचून देतं, माणसाच्या आवाजात. मराठीत स्टोरीटेल २०१७ पासून आहे, त्यामुळे कानाने वाचायची सवय आपल्याकडेही झालीय. छोट्या अंकाने सगळं करायची गरज नाही. मालवणी कथा आणि बोलीतल्या आठवणी तेवढ्या घ्या, कारण त्या छापील वाचताना बाहेरच्या वाचकाला अडखळायला होतं आणि ऐकताना लगेच कळतात. दशावतारात काम करणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, फोनवर, शांत खोलीत, पंखा बंद करून. लेखाच्या वरच ऐकायचं बटण.

कुळीथ:

व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते त्याचं काय? आमच्या अंकाची पीडीएफ दोन दिवसांत पाचशे माणसांच्या गटांत पोचते.

अक्षरजुळारी:

कुलूप लावू नका. कुलपाचा त्रास पैसे भरलेल्यालाच होतो, फोन बदलला की अंक उघडत नाही. पीडीएफ किंवा ईपब देताना प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर आणि तळाला घेणाऱ्याचं नाव छापा. आपलं नाव असलेली प्रत माणूस सहसा गटात टाकत नाही. आणि लेखाचा दुवा पुढे पाठवायला सोपा ठेवा. दुवा कितीही फिरला तरी वाचक शेवटी तुमच्याच दारात येतो.

जाहिरातवाली:

हे बरोबर. मला यात आणखी एक जोडायचंय. अंक एकदम ओतू नका. छापील अंक एकदम बाहेर पडतो, कारण दुसरा मार्ग नाही. डिजिटलमध्ये ज्याने अंक घेतलाय त्याला धनत्रयोदशीला सगळा खुला करा, पण बाकीच्यांसाठी रोज एका लेखाची सुरुवात पाठवत राहा, तुळशीच्या लग्नापर्यंत. विक्री त्या दिवसांत होते. पहिल्या दिवशी अनुक्रमणिका पाठवून कुणी घेत नाही.

'कालनिर्णय'कडे बघा. १९७३ साली मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेली ही दिनदर्शिका. भिंतीवरच्या कागदाचा नुसता फोटो फोनवर दिला असता तर कुणी उघडला नसता. ॲपमध्ये तारीख दाबली की त्या दिवसाचं दिसतं. भिंतीवरची गरज आणि खिशातली गरज वेगळी आहे हे त्यांनी ओळखलं.

सडा_आणि_समुद्र:

मार्मिक. आणि कोकणाला हे नवं नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं तेव्हा एका रकान्यात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी छापलं, कारण वाचक दोन प्रकारचे होते. १८४० मध्ये मासिक 'दिग्दर्शन' काढलं. दिवाळी अंकाची चाल पडली ती १९०९ मध्ये 'मनोरंजन'मुळे, त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र हे सावंतवाडीजवळच्या आजगावचे. या माणसांनी वाचक कसा वाचतो ते बघून अंकाचं रूप ठरवलं. आपल्या मास्तर-डॉक्टर संपादकांना मी हेच सांगतो, की फोनसाठी वेगळी मांडणी करणं ही छपाईशी प्रतारणा नाही.

छापील अंक बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. 'न्यूजवीक'ने २०१२च्या अखेरीस कागद सोडला आणि २०१४ मध्ये पुन्हा छापायला घेतलं. आपल्याकडे तर जाहिरातदार, वाचनालय, लेखकाची आई, सगळ्यांना हातात धरायला अंक हवा असतो. त्यातच टपालाने पाठवणं दिवसेंदिवस महाग होतंय. पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात गेलं. म्हणून मी असं सुचवतो : जिल्ह्यात छापील, जिल्ह्याबाहेर डिजिटल, आणि बाहेरच्या ज्याला कागद हवा त्याच्याकडून टपालखर्च वेगळा घ्या.

कुळीथ:

किंमत शेवटी किती ठेवायची? छापील २५० असेल तर डिजिटल?

सडा_आणि_समुद्र:

माझं मत दीडशे. पन्नासला विकलात तर वाचकही तो पन्नासाचाच समजतो, आणि टंकलेखन, मुद्रितशोधन, ध्वनिमुद्रण यांचे पैसे कुठून काढणार? छापील घेणाऱ्याला डिजिटल फुकट द्या, आतल्या पानावर एक क्यूआर आणि सांकेतिक क्रमांक छापून. त्यामुळे स्टॉलवरून घेणारा वाचकही एकदाचा तुमच्या यादीत येतो. आजवर तो कोण हे विक्रेत्यालाही माहीत नसायचं.

चाकरमानी_डोंबिवली:

दीडशे मान्य. राजापूरच्या अंकाच्या संपादकांना हा धागा पाठवलाय. त्यांचं उत्तर आलं : "जुने सगळे अंक श्रीलिपीत आहेत, सीडीवर, कुणी उघडून देईल का?"

अक्षरजुळारी:

देतो. सीडीची सगळी सामग्री जशीच्या तशी उतरवून घ्या, पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइली आणि सोबतचे फाँट दोन्ही. फाँट नसला तर मजकूर कुठल्या आवृत्तीतला ते ओळखताना वेळ जातो. संपादकांना म्हणावं, आधी एकच वर्ष पाठवा, छापील प्रतीसकट, म्हणजे ताडून बघता येईल.

ग्रंथकपाट:

छापील प्रत त्यांच्याकडे नसली तर सांगा. आमच्या कपाटात त्या अंकाची काही वर्षं आहेत, इथे येऊन बघायला मिळतील.